अ‍ॅनिमे आणि पाश्चात्त्य अ‍ॅनिमेशन मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅनिमे बघायला नुकती सुरुवात केलेल्यांसाठी, आणि घरातली मुलं रात्री जागून नेमकं काय बघतात हे समजून घेऊ पाहणाऱ्या पालकांसाठी हे पान आहे. प्रश्न क्रमाने वाचायची गरज नाही.

अ‍ॅनिमे म्हणजे शेवटी कार्टूनच ना?

जपानी माणूस म्हणेल, हो. ‘आनिमे’ हा ‘अ‍ॅनिमेशन’चाच आखूड केलेला शब्द आहे, त्यामुळे तिथे टॉम अँड जेरीही आनिमेच. जपानबाहेर मात्र ‘जपानमध्ये बनलेलं अ‍ॅनिमेशन’ असा अर्थ रुळला आणि या पानावरही तोच धरला आहे. मोठे डोळे आणि रंगीत केस ही खूण मानू नका. ज्या जपानी चित्रकथाकार तेझुका ओसामू यांच्यामुळे मोठे डोळे रुळले, त्यांच्यावर डिस्नेच्या चित्रांचा दाट प्रभाव होता. म्हणजे ज्याला आपण ‘जपानी डोळे’ म्हणतो, त्याचं मूळ बऱ्याच अंशी अमेरिकेत आहे.

मग लोकांना त्याचं एवढं वेड का लागतं?

कारण गोष्ट पुढे सरकते आणि एक दिवस संपते. ‘नारुतो’ या मालिकेचा नायक नारुतो पहिल्या भागात बारा वर्षांचा व्रात्य पोरगा आहे. त्याच्या मालिकेचे २२० भाग (२००२ ते २००७) आणि पुढच्या ‘शिप्पुडेन’चे ५०० भाग (२००७ ते २०१७) होईपर्यंत तो मोठा होतो, त्याचं लग्नही होतं. दहाव्या वर्षी ही मालिका बघायला बसलेला मुलगा ती संपताना पंचविशीत होता. पात्रासोबत आपणही वाढलो, ही भावना दुसऱ्या कुठल्या कार्टूनने त्याला दिली नव्हती. याउलट ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन मालिकेतला बार्ट डिसेंबर १९८९ पासून दहा वर्षांचाच आहे.

पण याचा सरसकट नियम करू नका. जपानमध्ये ऑक्टोबर १९६९ पासून चालू असलेली ‘साझाए-सान’ ही घरगुती मालिका आहे. तिच्यातही कुणाचं वय वाढत नाही. आणि ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन मालिका ६१ भागांत एकच गोष्ट सांगून, शेवट करून थांबली. फरक देशाच्या स्वभावात कमी आणि मालिका कुणाला, कशी विकली जाते यात जास्त आहे. तेच पुढच्या दोन प्रश्नांत.

जुन्या अमेरिकन मालिकांत दर भागाच्या शेवटी सगळं पूर्वपदावर का येतं?

हिशोबामुळे. अमेरिकेत मालिका एका वाहिनीवर दाखवून झाली की ती ठिकठिकाणच्या स्थानिक वाहिन्यांना पुनर्प्रसारणासाठी विकली जायची. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, असे तेरा आठवडे चालवायचे तर ६५ भाग लागतात. १९८० आणि ९० च्या दशकांत कित्येक मालिका बरोबर या ६५ च्या आकड्यावर बेतलेल्या दिसतात. स्थानिक वाहिनी भाग क्रमाने दाखवेल याची खात्री नसायची. मंगळवारचा भाग चुकलेल्या मुलाला बुधवारचा कळला पाहिजे, म्हणून कोणताही भाग दुसऱ्यावर अवलंबून ठेवायचा नाही. नायकाचा हात मोडला तरी पुढच्या भागात तो धडधाकट हवा.

या बंधनात लेखकांनी जे कमावलं ते कमी नाही. बावीस मिनिटांत, आणि पुढे तर अकरा मिनिटांत, पेच उभा करून सोडवायचा आणि मध्ये हसवायचं, हे कौशल्य अमेरिकन मालिकांइतकं क्वचितच कुठे सापडतं. स्ट्रीमिंग आल्यावर भाग क्रमानेच बघितले जाऊ लागले आणि तिथेही सलग गोष्टी वाढल्या. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ (२०१२ ते २०१६, ४० भाग) मात्र टीव्हीवर असतानाच या वाटेने गेली होती.

जपानी मालिकांचे सीझन १२-१३ भागांचेच का असतात?

जपानी वाहिन्यांचं वर्ष तीन-तीन महिन्यांच्या चार तुकड्यांत विभागलेलं असतं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मालिका सुरू होतात. एका तुकड्याला ‘कूर’ म्हणतात. आठवड्याला एक भाग धरला की एका कूरमध्ये दहा ते तेरा भाग बसतात. चोवीस-पंचवीस भागांची मालिका म्हणजे दोन कूर.

पैसा बहुधा एका कंपनीचा नसतो. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारी कंपनी असे चार-सहा जण मिळून ‘निर्मिती समिती’ करतात आणि जोखीम वाटून घेतात. मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, खंड खपावेत हा प्रकाशकाचा हेतू असतो. बारा भाग ऐन रंगात आल्यावर थांबतात आणि दुसरा हंगाम येतच नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मालिका बिचारी वाईट नसते. तिच्याकडून जेवढी जाहिरात हवी होती तेवढी झालेली असते.

अ‍ॅनिमेत चित्रं कमी हलतात असं म्हणतात. मग ते डोळ्यांना इतकं छान कसं वाटतं?

आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं तर सेकंदाला २४ चित्रं. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर १२, तीन फ्रेम ठेवलं तर ८. जुन्या ‘टॉम अँड जेरी’मध्ये पहिल्या दोन पद्धती दिसतात, म्हणून ते लोण्यासारखं वाहतं. १ जानेवारी १९६३ रोजी जपानच्या फुजी टीव्हीवर तेझुकांची ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता आणि वाहिनीकडून मिळणारे पैसे खर्चाला पुरत नव्हते. मग तीन फ्रेमला एक चित्र, पूर्ण स्थिर चित्रावर फक्त कॅमेरा सरकवणं, फक्त तोंड किंवा फक्त हात हलवणं, आणि एकदा काढलेली धावण्याची-उडण्याची चित्रं जपून पुन्हा वापरणं, या युक्त्या त्यांनी नेहमीच्या करून टाकल्या. अमेरिकेत हॅना-बार्बेरा कंपनीही त्याच सुमारास टीव्हीसाठी अशीच काटकसर करत होती. ‘द फ्लिंटस्टोन्स’ १९६० ची. गरज दोघांचीही एकच होती, पण वाचवलेले कष्ट दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी लावले. अमेरिकनांनी संवाद आणि विनोदावर. जपान्यांनी चौकट, प्रकाश, पार्श्वभूमी आणि थांबण्यावर.

आजचा आकडा बघा. २४ मिनिटांच्या भागातून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं, दीड-दीड मिनिटाचं, वजा केलं तर उरतात २१ मिनिटं. म्हणजे ३०,२४० फ्रेम. सगळं तीन फ्रेमला एक चित्र या मापाने हललं तरी १०,०८० चित्रं लागतील. प्रत्यक्षात सर्वसाधारण टीव्ही भाग ३,००० ते ५,००० चित्रांत उरकतो. बाकीचा वेळ पडदा स्थिरच असतो. लग्नघरात हात आखडता असला की शहाणा माणूस मंडप साधा ठेवतो आणि पैसा जेवणावर लावतो. इथेही तेच होतं. वर्गातल्या गप्पा स्थिर चित्रांवर भागवायच्या आणि वाचलेली चित्रं शेवटच्या दोन मिनिटांच्या लढाईत ओतायची. अशा खास तुकड्याला चाहते ‘साकुगा’ म्हणतात. मूळ जपानी शब्दाचा अर्थ नुसता ‘चित्रं काढणं’ एवढाच आहे.

स्थिरतेचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ (१९९५, २६ भाग) मधला भाग २२. दोन मुली लिफ्टमधून चालल्या आहेत. एक असुका, दुसरी रेई. दोघींचं पटत नाही. जवळपास पन्नास सेकंद कुणी बोलत नाही, चित्र जवळजवळ हलत नाही, नुसता लिफ्टचा आवाज ऐकू येत राहतो. दहाव्या सेकंदाला आपल्याला वाटतं व्हिडिओ अडकला. विसाव्या सेकंदाला लक्षात येतं की अडकलेला नाही, आणि मग त्या दोघींमधला ताण आपल्याच अंगावर यायला लागतो. कष्टाच्या हिशोबात हे दृश्य जवळजवळ फुकट आहे, तरीही पंचवीस-तीस वर्षांनी लोक त्याबद्दलच बोलतात. दोन क्रियांमधल्या या मोकळ्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला ते वेगळं समजवावं लागत नाही. समेआधी गवई क्षणभर थांबतो, तेव्हा सगळी मैफल श्वास रोखून धरते ना, तेच.

ही शांतता फक्त जपान्यांना जमते असंही नाही. गेंडी टार्टाकोव्स्की यांची ‘सामुराय जॅक’ (२००१) कित्येक मिनिटं एका शब्दाविना चालते, आणि ती अमेरिकन आहे.

मग पाश्चात्त्य मालिका कशात सरस आहेत?

अभिनयात. अमेरिकेत आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि तो ऐकत चित्रकार चेहरा रेखाटतो. नटाचा अडखळणारा श्वास, अर्धवट हसू, मध्येच तुटलेलं वाक्य, सगळं चित्रात उतरतं. ओठांसाठी साधारण आठ-दहा आकारांचा तक्ता वापरतात. जपानमध्ये उलटा क्रम आहे. चित्रं आधी तयार होतात (वेळ कमी असला तर कच्चीच) आणि नट पडद्याकडे बघत त्यावर बोलतात. ओठ बंद, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे, या तीन आकारांत बहुतेक टीव्ही मालिका भागवतात. म्हणून अ‍ॅनिमेत ओठ शब्दांशी तंतोतंत जुळत नाहीत. ती तुमच्या डबिंगची चूक नाही, मूळ जपानीतही ते तसेच असतात. ‘अकिरा’ (१९८८) या चित्रपटात संवाद आधी ध्वनिमुद्रित केले होते. तो आणि कुठलीही टीव्ही मालिका पाठोपाठ बघा, फरक लगेच दिसेल.

दुसरी गोष्ट विनोदाची. ‘द सिम्पसन्स’सारख्या मालिकेत लेखकांची अख्खी खोली एका वाक्यावर पुन्हा पुन्हा बसते. कच्ची चित्रफीत बघूनही विनोद बदलले जातात. अ‍ॅनिमेतला विनोद बऱ्याचदा ओरडण्यावर आणि वाकड्यातिकड्या चेहऱ्यांवर भागतो. सवय नसणाऱ्याला तो थकवतो, आणि ही तक्रार रास्त आहे.

‘अवतार’ किंवा ‘आर्केन’ यांना अ‍ॅनिमे म्हणायचं का?

आम्ही म्हणत नाही. ‘अवतार’ (२००५ ते २००८) अमेरिकेत लिहिली गेली आणि तिचं अ‍ॅनिमेशन कोरियातल्या स्टुडिओंनी केलं. ‘आर्केन’ (२०२१ आणि २०२४, एकूण १८ भाग) पॅरिसच्या फोर्तिश स्टुडिओची. दोन्ही उत्तम आहेत आणि त्यांना थोर ठरवायला जपानी शिक्क्याची गरज नाही.

सरमिसळ मात्र जुनी आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत लागणारी डिस्नेची ‘डक टेल्स’ आठवत असेल, तर तिच्या पहिल्या हंगामातले बरेच भाग तोक्योच्या टीएमएस स्टुडिओत काढले गेले होते. ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सीरीज’ (१९९२) चे काही भागही टीएमएस आणि सनराइझ या जपानी स्टुडिओंचे आहेत. म्हणजे अ‍ॅनिमे हा शब्द ऐकण्याआधीच आपल्याकडची एक पिढी जपानी हाताची चित्रं बघून वाढली होती.

डबिंग बघावं की सबटायटल?

हाताने काम करत बघत असाल तर डबिंग. बसून बघणार असाल तर जपानी आवाज आणि सबटायटल. पण मराठी माणसाला जपानी आवाज का ऐकावा, याचं एक खास कारण आहे. आपल्या भाषेत जे आहे आणि इंग्रजीत नाही, ते जपानीत बरंचसं आहे.

पहिलं म्हणजे हाक. नावाला सान, कुन, चान, सामा, सेन्पाई असं काहीतरी लागतं. आडनावाने हाक मारणं वेगळं, नावाने मारणं वेगळं. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांचा ‘यू’ होऊन जातो. एखाद्या प्रेमकथेत आठव्या भागात मुलगी पहिल्यांदा मुलाला नुसत्या नावाने हाक मारते आणि तो लाल होतो, तेव्हा इंग्रजी प्रेक्षकाला कळत नाही की एवढं काय झालं. आपल्याला कळतं. नवऱ्याचं नाव घ्यायला जिथे उखाण्याचा आधार लागायचा, ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं ही जिथे घटना असते, तिथे हे समजवायला नको.

दुसरं, वाक्याचा क्रम. जपानीतही क्रियापद शेवटी येतं, आणि नकार त्याला चिकटून अगदी टोकाला. ‘मी तुझ्यावर कधी रागावलो’ इथपर्यंत येऊन ‘नाही’ शेवटी यावं तसं. आवाज अजून त्या शब्दावर पोचलेला नसतो आणि खाली इंग्रजी ओळीने गुपित आधीच फोडलेलं असतं. थोडा कान बसला की तुम्ही ओळ वाचून झाल्यावर आवाजाची वाट बघायला लागाल.

तिसरं उदाहरण ‘युअर नेम’ (२०१६) या चित्रपटातलं. मित्सुहा ही मुलगी ताकी नावाच्या मुलाच्या शरीरात जागी झाली आहे. शाळेच्या गच्चीवर त्याच्या मित्रांशी बोलताना ती स्वतःसाठी ‘वाताशी’ म्हणते. मित्र गोंधळतात. ती ‘वाताकुशी’ म्हणून बघते, मग ‘बोकू’, आणि शेवटी ‘ओरे’ म्हटल्यावर ते माना डोलावतात. चारही शब्दांचा अर्थ ‘मी’. इंग्रजीत या दृश्याचा जीवच जातो. मराठीत मात्र ते किती सहज येईल बघा : मुलगा मित्रांना सांगतोय, ‘मी चुकले... म्हणजे, चुकलो.’ हे चित्रपट आणि मालिका मराठीत नीट आल्या पाहिजेत असं आम्हाला मनापासून वाटतं. भाषा त्यासाठी तयार आहे.

सबटायटल ऐकू येणाऱ्या संवादाशी जुळत नाहीत. काय बिघडलंय?

बहुधा चुकीचा ट्रॅक निवडला गेलाय. एकाच मालिकेला इंग्रजीचे दोन पर्याय असतात. एक मूळ जपानीवरून केलेला अनुवाद आणि दुसरा, ‘सीसी’ लिहिलेला, बऱ्याचदा इंग्रजी डबिंगचा शब्दशः उतारा. जपानी आवाजाबरोबर दुसरा लावला की माणूस दोन शब्द बोलतो आणि खाली दोन ओळी येतात. ‘सीसी’ नसलेला पर्याय घ्या.

नव्या मोठ्या टीव्हीवर अ‍ॅनिमे विचित्र गुळगुळीत दिसतं. का?

टीव्ही स्वतःहून मधल्या फ्रेम बनवून घालतोय. क्रिकेटसाठी ही सोय ठीक, पण अ‍ॅनिमेत तीन फ्रेम थांबलेलं चित्र मुद्दाम थांबवलेलं असतं. टीव्ही त्याला ओढून-ताणून हलवतो, मग ठोशाचा जोर जातो आणि पात्रांच्या कडांना पाण्यासारखी थरथर दिसते. सेटिंगमध्ये ‘पिक्चर’ विभागात जाऊन ‘मोशन’ शब्द असलेला पर्याय शोधा आणि पूर्ण बंद करा. कंपनीगणिक नाव बदलतं. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडला तर बहुधा तो आपोआप बंद होतो, तरी खात्री करा. एचडीएमआयच्या प्रत्येक जोडणीला हे सेटिंग वेगळं असू शकतं. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलं म्हणून स्ट्रीमिंग स्टिकवर बंद झालेलं नसतं.

फिलर म्हणजे काय? वगळले तर चालतात?

मांगाचं एक प्रकरण आठवड्याला येतं आणि मालिकेचा भागही आठवड्याला. भाग प्रकरणांपेक्षा वेगाने संपतात, मालिका मांगाला गाठते, आणि पुढे दाखवायला काही उरत नाही. मग मांगात नसलेल्या गोष्टी रचून वेळ काढायचा, तेच फिलर. ‘नारुतो’च्या पहिल्या मालिकेत १३६ नंतरचे बहुतेक सगळे भाग असे आहेत. सरळ वगळा, ‘शिप्पुडेन’ सुरू करा, काही अडणार नाही. ‘वन पीस’ने (ऑक्टोबर १९९९ पासून) दुसरा मार्ग धरला : फिलर कमी, पण एकेका प्रकरणाला ताणून भाग करायचा. त्यामुळे तिथे वगळायला फारसं मिळत नाही, नुसतं संथ वाटतं. कंटाळा आला तर तेवढा टप्पा मांगात वाचून पुन्हा मालिकेकडे या.

याची दुसरी बाजू ‘फुलमेटल अल्केमिस्ट’. २००३ च्या मालिकेने (५१ भाग) मांगा अपुरा असल्यामुळे स्वतःचाच वेगळा शेवट लिहिला. मांगा संपत आल्यावर २००९ मध्ये ‘ब्रदरहूड’ (६४ भाग) मूळ कथेप्रमाणे पुन्हा केली. दोन्ही पूर्ण आहेत. एकच बघायची असेल तर ‘ब्रदरहूड’.

हल्लीच्या मालिका हंगामा-हंगामाने येतात, मध्ये वर्ष-दोन वर्षं थांबतात, त्यामुळे फिलरची डोकेदुखी बरीच गेली आहे.

सुरुवात कुठून करू?

आवडीवरून ठरवा, लोकप्रियतेवरून नको. आणि पहिली मालिका ६५ भागांहून मोठी घेऊ नका.

गुन्हे आणि डावपेच आवडत असतील तर ‘डेथ नोट’, ३७ भाग. ती आवडली आणि धीर असेल तर ‘मॉन्स्टर’, ७४ भाग, जर्मनीत घडणारी, एकही जादू नसलेली गोष्ट. खेळ आवडतो? ‘हायक्यू’. व्हॉलीबॉलचे नियम माहीत नसले तरी चालतं, मालिका शिकवते. साहस आणि भावंडांची गोष्ट हवी असेल तर वरची ‘ब्रदरहूड’. धावपळीला कंटाळलेल्यांनी ‘मुशिशी’ (२६ भाग) रात्री दिवे मालवून, एका वेळी एकच भाग बघावी. सलग बघितली की तिची मजा जाते. ‘बाराकामोन’ (१२ भाग) मध्ये सुलेखन करणारा एक तापट तरुण बेटावरच्या गावात जाऊन राहतो. कोकणातलं गाव माहीत असलेल्याला तिथली आगाऊ पोरं आणि न विचारता घरात शिरणारे शेजारी अगदी ओळखीचे वाटतील. अलीकडची एक सांगायची तर ‘फ्रीरेन’ (पहिला हंगाम २०२३-२४, २८ भाग). ती राक्षसाला हरवून झाल्यानंतर सुरू होते आणि मागे राहिलेल्या आयुष्याबद्दल बोलते.

पाश्चात्त्य बाजूने ‘अवतार’, ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ आणि ‘आर्केन’ ठेवाच. ‘बोजॅक हॉर्समन’ मोठ्यांसाठी. पहिले पाच-सहा भाग साधे वाटतात, थांबू नका.

लहान मुलांना दाखवावं का?

काय दाखवताय त्यावर आहे. ‘चित्रं आहेत म्हणजे मुलांसाठीच’ ही समजूत अ‍ॅनिमेच्या बाबतीत चांगलीच महागात पडते. स्टुडिओ जिब्लीचे ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हे दोन चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये एकत्रच, जोडीने प्रदर्शित झाले होते. पहिला पाच वर्षांच्या मुलाला खुशाल दाखवा. दुसऱ्यात युद्धात उपाशी राहिलेली दोन भावंडं आहेत, आणि तो मोठ्यांनाही झेपत नाही. आपल्याकडे मुलांच्या वाहिनीवर गाजलेल्या शिनचॅनचा मूळ मांगासुद्धा मोठ्यांच्या साप्ताहिकात छापून यायचा. पोराच्या तोंडचा आगाऊपणा तिथूनच आला आहे.

वापरायला सोपी पद्धत सांगतो. मालिकेच्या नावाखाली यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए असं वर्गीकरण असतं, ते आधी बघा. पहिले दोन भाग स्वतः बघा. मुलाचं वेगळं प्रोफाइल करून त्याला वयाची मर्यादा लावा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन ठेवा. हे शेवटचं विसरलं की बाकीचं सगळं वाया जातं. ‘शोनेन’ हा शब्द दिसला तर मांगा किशोरवयीन मुलांसाठी आहे असं समजा, लहानग्यांसाठी नव्हे. ‘सेइनेन’ म्हणजे मोठ्या पुरुषांसाठी. किशोरवयीन पात्रांचं अंगप्रदर्शन घुसडण्याची वाईट खोड कित्येक मालिकांना आहे आणि वर्गीकरणात ते नेहमीच नेमकं कळत नाही. त्यासाठीच ते पहिले दोन भाग.

मध्येच चेहरे बिघडलेले दिसतात. तो दोष की शैली?

दोन्ही असू शकतं. व्हिडिओ थांबवून बघितल्यावर वेगवान हालचालीत हात लांबट किंवा चेहरा फराटा मारल्यासारखा दिसला, तर ते मुद्दाम आहे. चालत्या चित्रात त्यानेच वेग भासतो. ही युक्ती अमेरिकन कार्टूनांत १९४० च्या दशकापासून आहे. पण दोन पात्रं शांत बसून बोलत असताना डोळे वरखाली दिसले, तर वेळ पुरली नाही असं समजा. चित्रं तपासून दुरुस्त करणारा ‘साकुगा कान्तोकू’ असतो, आणि प्रसारणाची तारीख मानगुटीवर बसली की त्याच्या हातून काही चित्रं तशीच सुटतात. ब्लू-रेच्या आवृत्तीत ती बऱ्याचदा सुधारलेली असतात. मधली चित्रं काढणाऱ्या नवख्या चित्रकारांना अनेक ठिकाणी चित्रागणिक आणि फार कमी पैसे मिळतात. या धंद्याचा हा खरा डाग आहे.

भारताशी अ‍ॅनिमेचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते डोरेमॉनच्या आधीचं आहे. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ‘जंगल बुक’ ही जपानी मालिका (१९८९, ५२ भाग) दूरदर्शनवर हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. त्या गोष्टीतलं सिवनीचं जंगल आपल्या नागपूरच्या उत्तरेलाच, पेंचच्या परिसरात येतं. जपानचे युगो साको आणि भारताचे राम मोहन यांचा ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत नव्याने लागला. आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द राइझिंग स्टार’ आली. जपानची जुनी बेसबॉल मालिका ‘क्योजिन नो होशी’ उचलून मुंबईच्या झोपडपट्टीतल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलावर बेतलेली. मूळ नायक सरावासाठी अंगाला स्प्रिंगांचा सांगाडा बांधतो, सूरज सायकलच्या ट्यूब बांधतो.

मालिका अर्धवट थांबली. पुढची गोष्ट मांगात कुठून वाचू?

भागांच्या संख्येवरून अंदाज काढा. ‘डेथ नोट’चे १२ खंड ३७ भागांत बसले, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चे २७ खंड ‘ब्रदरहूड’च्या ६४ भागांत. म्हणजे बारा भागांना साधारण चार-पाच खंड. बारा भागांची मालिका संपली असेल तर चौथा खंड हातात घ्या आणि ओळखीचं दृश्य सापडेपर्यंत चाळा, शेवटचा भाग तिथेच आसपास असेल. अनेक मालिका बारीकसारीक प्रसंग गाळतात, त्यामुळे गोष्ट मनापासून आवडली असेल तर पहिल्या खंडापासूनच वाचणं बरं.

पुस्तक आपल्या दृष्टीने मागच्या बाजूने उघडा. पानावर उजवीकडच्या वरच्या चौकटीतून सुरू करून डावीकडे या, मग खालच्या ओळीत पुन्हा उजवीकडून. चौकटीच्या आतले संवादाचे फुगेही उजवीकडचा आधी. पहिली वीस-पंचवीस पानं उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जाईल. तसं झालं की नजर पुन्हा उजव्या कोपऱ्यावर न्या.